शेवटच्या मिनिटाचा न्याय

धान घरात आले म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडई भरू लागते व गावोगावी कबड्डीचे सामने होतात. अशा वेळी एक प्रश्न हटकून निघतो: गुण समसमान असून वेळ संपत आली असता पंचाने चुका पहिल्याइतक्याच काटेकोरपणे धराव्या, की काही सोडून द्याव्या?

पुष्कळ सज्जनांचे म्हणणे असे की, शेवटचा निकाल गड्यांच्या अंगबळाने लागावा, पंचाच्या शिटीने लागू नये. हे ऐकावयास गोड आहे. परंतु पंच गप्प राहिला तरी निकाल लावतोच; मात्र तो चूक करणाऱ्याच्या बाजूने लावतो. चढाई करणाऱ्याचा दम प्रतिपक्षाच्या अंगणात तुटला आणि पंचाने ऐकून न ऐकल्यासारखे केले, तर ज्यांनी त्यास दम सुटेपर्यंत धरून ठेविले त्यांचे श्रम कोणी हिरावले? पहिल्या पोत्यास एक पायली व शेवटच्यास दुसरी, असे आपण व्यापाऱ्यास करू देत नाही.

तथापि जो पंच ३५ मिनिटे क्षुल्लक दोषांकडे काणाडोळा करतो व अखेरच्या ५ मिनिटांत एकाएकी नियमांवर बोट ठेवितो, तोही मापच बदलतो. आरंभीची त्याची वागणूक हीच गड्यांशी केलेली बोली होय.

ता. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत भारत व इराण यांचा पुरुषांचा अंतिम सामना झाला. सुमारे एक मिनिट उरले असता दोहोंचे २८ गुण होते. पवन सेहरावत कोणास न शिवता राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे काही गडी त्याच्यामागून तेथे उतरले. जुन्या नियमाने तेही बाद. नव्या नियमाने चढाई करणारा एकटाच. निर्णय फिरला, पुन्हा फिरला, खेळ सुमारे तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. आम्हांस आनंद झाला, पण तो निखळ नव्हता. तेथे पंच कठोर की सौम्य हा वादच नव्हता; कोणता नियम चालू आहे याविषयीच एकमत नव्हते. दोष खेळाआधीचा, उघडा पडला तो शेवटी.

म्हणून नाणेफेकीपूर्वीच पंचाने दोन्ही नायकांस बोलावून आपले माप सांगावे. इजा होईल अशी पकड तर एक क्षण उरला असताही सोडू नये. राहता राहिली अडचण ही की, खेड्यात पंच बहुधा कोणाचा तरी मामा किंवा साळा असतो. त्यासाठी शेजारच्या गावचा पंच आणावा, व त्याच्या जेवणाचा खर्च दोन्ही संघांनी निम्मा निम्मा सोसावा.