घेण्याचे माप, देण्याचे माप

किराणा कुठून भरावा, हा प्रश्न आपल्या समाजात नीतीचा म्हणून फारसा कोणी विचारत नाही. हलाल-हरामची चर्चा मटणाच्या दुकानापर्यंत येते आणि तिथेच थांबते. डाळ, तेल, साखर, चहापत्ती घेताना आपण भाव पाहतो. महिन्याच्या पैशांत महिना काढायचा असतो, तेव्हा भाव पाहण्यात गैर काही नाही, असेच आम्ही मानतो. पण भावाबरोबर आणखी काय पाहावे, याचा विचार व्हायला हवा.

आमचा वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेला. इथला पैसा मुख्यतः सोयाबीन आणि तुरीचा. सोयाबीन दसरा-दिवाळीला घरी येते, पोट मात्र बाराही महिने असते. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याचा हात रिकामा असला की गॅरेजवाला, शिंपी, हातगाडीवाला, हमाल यांचेही हात रिकामे राहतात. आपली बहुतेक कुटुंबे याच कामांत आहेत. रेशनवर माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण मिरची, चहा, साबण रेशनवर मिळत नाहीत. ते गल्लीतल्या किराणावाल्याच्या वहीत लिहून येतात.

हातात रोकड आली की हीच पावले शहरातल्या मोठ्या दुकानाकडे वळतात, किंवा मोबाइलवरून माल घरी येतो. तिथे तेलाच्या पिशवीमागे चार रुपये वाचतात. वाचणारच! मोठा दुकानदार थोक माल उचलतो आणि रोखीनेच विकतो. गल्लीतल्या दुकानदाराच्या भावात त्याने थांबवून ठेवलेल्या पैशांचा भार असतो. उधारीचा भाव रोखीपेक्षा थोडा जास्त ठेवणे बहुतेक फकीहांनी जायज मानले आहे. अट एवढीच, की तो सौद्याच्या वेळीच ठरावा आणि पैसे उशिरा आले म्हणून वाढू नये.

कुरआनातील ८३व्या सूरहचे नावच मापात खोट करणाऱ्यांवरून आहे. लोकांकडून घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे, अशांना तिथे कडक शब्दांत इशारा आहे. आपण ही सूरह दुकानदाराला ऐकवतो. पण जो गिऱ्हाईक अडचणीत सवड पुरेपूर घेतो, दिवस बरे आले की रोकड दुसरीकडे नेतो आणि जुनी बाकी वहीत तशीच ठेवतो, त्याच्या मापाचे काय? अडलेल्या ऋणकोला सवड द्या, असे कुरआन सांगतो. ऐपत असून देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. या दोन्ही गोष्टी एकत्रच वाचायला हव्यात.

याचा अर्थ गरिबाने निष्ठेपोटी महाग घ्यावे, असा नाही. अल्लाह कुणावरही त्याच्या कुवतीपलीकडे ओझे टाकत नाही. शिवणकामावर चार मुले वाढवणाऱ्या बाईने जिथे स्वस्त मिळेल तिथून तेल घ्यावे. तिची बाकी फिटली असेल तर तिला कोणी बोल लावू नये. पगारदार घराची गोष्ट वेगळी आहे. त्याला चार रुपये सोडता येतात.

दुकानदारालाही सूट नाही. उधारीच्या गिऱ्हाइकाला तोंड उघडता येत नाही, हे ओळखून त्याच्या माथी किडकी डाळ मारणारे असतात. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलसरपणा पैगंबरांनी (स.) उघड केला आणि फसवणारा आमच्यातला नाही, असे बजावले. अशा दुकानाशी निष्ठा कसली?

मग आपल्याच माणसाच्या दुकानात जावे का? २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रातल्या काही मोर्चांतून मुसलमानांवर आर्थिक बहिष्काराची भाषा झाली. तिला उत्तर म्हणून आपल्यातही 'आपला पैसा आपल्यातच' असे बोलले जाते. राग समजण्यासारखा आहे. पण हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार पैगंबरांचे (स.) निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत एका यहुदी माणसाकडे गहाण होते, तेही घरच्यांसाठी घेतलेल्या तीस साअ जवांपोटी. मदिनेत पैसेवाले सहाबी कमी नव्हते. तरी घरचे धान्य त्यांनी दुसऱ्या धर्माच्या माणसाकडून उधार घेतले. ज्या वाण्याने आपल्याला वर्षानुवर्षे उधार दिले, त्याचे नाव पाहून आपण त्याला टाकायचे, तर बहिष्काराची भाषा करणाऱ्यांना आपण काय सांगणार?

शेतकऱ्याचाही या हिशेबात वाटा आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात भाव त्याहून बराच खाली होता. त्याच सप्टेंबरात आयात शुल्क वाढले आणि खाद्यतेल महागले. सोयाबीन पिकवणाऱ्या घराने बी स्वस्त विकले आणि तेल महाग घेतले. ज्यांना जमेल त्यांनी वर्षाची तूर ओळखीच्या शेतकऱ्याकडून हमीभावाने घ्यावी. डाळ घरी भरडता येते किंवा गिरणीत करून मिळते.

वर्षातला सगळ्यात मोठा किराणा रमजानचा. खजूर, बेसन, शेवया, सुका मेवा, सगळे एकदम लागते आणि तेव्हाच काहींच्या हाती चार पैसेही असतात. यादी करण्याआधी वहीतली बाकी चुकती करावी. मग भाव पाहावा, माल पाहावा, आणि ज्याने जूनमध्ये आपल्याला नाही म्हटले नव्हते त्याच्याकडून त्या यादीतले निदान काही रोखीने घ्यावे.