पवनारची शिळा

देऊळ पडलें, पुजारी गेले, गांवालाहि कांहीं आठवेना; मग त्या देवळांतला देव गेला कुठें? प्रश्न पोरकट वाटेल. पण वर्धेजवळ पवनारला धाम नदीच्या कांठीं उभें राहिलें कीं तो सुटत नाहीं.

१९३८ सालीं विनोबा प्रकृतीसाठीं पवनारला जमनालाल बजाजांच्या बंगल्यांत येऊन राहिले. तिथें रोज थोडें खणावें असा त्यांचा क्रम. खणतांखणतां कोरीव शिळा लागली, आणि विनोबांनीं तींत भरतभेट ओळखली. त्याआधीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेच्या बाराव्या अध्यायावर बोलतांना ते याच भेटीच्या चित्राविषयीं बोलले होते. मनांतलें चित्र जणूं मातींतून वर आलें! पुढें शिळेची स्थापना झाली. आज भरत-राम मंदिरांत तिचें दर्शन घडतें.

आणखीहि शिळा निघाल्या. वा. वि. मिराशी यांनीं त्यांत रामकथा पाहिली आणि पवनार हीच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपुर, असें मांडलें. राजा पांचव्या शतकांतला. रामकथेवरचें ‘सेतुबंध’ हें प्राकृत काव्य त्याच्या नांवावर आहे. पुढच्या कांहीं अभ्यासकांनीं मात्र त्यांतल्या कित्येक शिळांत कृष्णकथा पाहिली. कुणी तर राजधानीच मनसरला नेली!

आतां अडचण अशी, कीं उद्यां कुणी म्हणालें, हा भरत नव्हेच, तर आजवरचे नमस्कार वायां गेले काय?

आम्हांस वाटतें, पंडितावर रागावूं नये. खरें काय तें शोधणें हीहि सेवाच. पण नामदेवपायरीला माथा टेकतांना दगड कोणत्या शतकांतला हें कोण विचारतो? भरताच्या आठवणीनें ज्याचे डोळे भरले, त्याचा नमस्कार रामाला पोंचला. म्हणून शेतांत निघेल त्या दगडाला शेंदूर फासावा असें मात्र नव्हे. नाकडोळे बुजले कीं देवहि झांकतो आणि इतिहासहि.

याच्या उलट गोष्ट दूर आफ्रिकेंतली. इथिओपियाच्या डोंगराळ मुलुखांत येहा गांवीं सुमारें २,७०० वर्षांपूर्वींच्या देवळाच्या भिंती अजून उंच उभ्या आहेत. देवाचें नांवहि पंडितांना ठाऊक आहे, अल्मकाह. पण त्या नांवानें हाक मारणारें तिथें कुणी उरलें नाहीं. धामेकांठीं जुन्या भिंती नाहींत, शिळांचा वाद मिटलेला नाहीं. आणि १९५९ पासून ब्रह्मविद्या मंदिराच्या भगिनी तिथें राहून प्रार्थना करीत आल्या आहेत.