पत्करलेली वेदना

दुखणे न बोलावता आले, तर सांत्वन करणाऱ्यांची वानवा नसते. पण चेहऱ्यावरचा डाग घालविण्यासाठी कुणी लेझर उपचार घेतले आणि त्या वेळी ती व्यक्ती कळवळली, की आपल्या तोंडून सहज निघून जाते, ‘हौस आहे ना, मग सोसायला हवे!’ स्वेच्छेने पत्करलेली वेदना सहानुभूतीला अपात्र ठरते काय, असा प्रश्न आम्हाला पडतो.

प्रथम या वेदनेचे स्वरूप पाहू. अँडरसन व पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ साली मांडलेल्या तत्त्वानुसार, योग्य तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प काळ टाकल्यास त्वचेतील रंगद्रव्य तो शोषून घेते व तापून फुटते. भोवतालची त्वचा बव्हंशी वाचते. यातील अनेक यंत्रांचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच असतो. तरीही ताणलेले रबर सुटून चटकन लागावे, गरम तेलाचा शिंतोडा उडावा, तसा तो जाणवतो; आणि असे झोत एकामागून एक बसत राहतात. बधिर करणारे मलम व थंडावा यांनी ही आग कमी होते, सर्वांचीच नाहीशी होत नाही.

‘ओटाचा नीवस’ नावाचा निळसर-करडा डाग जन्मतः किंवा तारुण्यात डोळ्याभोवती उमटतो. तो फिकट करण्यासाठी काही महिन्यांच्या अंतराने अनेकदा उपचार घ्यावे लागतात. आयुष्यभर लोकांच्या रोखलेल्या नजरा झेललेली स्त्री पुढची वेदना ठाऊक असूनही पुन्हा जाते, तेव्हा त्याला केवळ हौस म्हणणे अन्यायाचे होईल.

मात्र सारेच डाग सारखे नसतात. वांग लेझरने फिकट झाले, तरी उन्हाने पुन्हा उमटू शकते; कधी त्या उष्णतेनेच ते अधिक गडद होते. शिवाय डाग आणि नैसर्गिक सावळा वर्ण, दोहोंत मेलॅनिनच असते. किरणाला त्यांतील भेद उमगत नाही. म्हणूनच सावळ्या त्वचेत वरच्या थरातच अधिक उष्णता शोषली जाते आणि भाजण्याचा, नवे डाग पडण्याचा धोका वाढतो. किरणाला न कळणारा हा भेद माणसांना तरी कळायला हवा. ‘मुलगी गोरी हवी’ या अपेक्षेपोटी एखादी तरुणी निरोगी, सावळ्या कांतीवर हे चटके घेते, तेव्हा संमती तिची असली, तरी इच्छा कोणाची असते?

संमती म्हणजे मौन नव्हे. वेदना ही शरीराने दिलेली सूचनाही असते. ती ऐकून डॉक्टरांना किरणाची तीव्रता कमी करता येते, उपचार थांबविता येतो. म्हणून आम्हाला वाटते, उपचाराच्या खुर्चीवर ‘थांबा’ म्हणण्याची मोकळीक हवी आणि त्याआधी आपल्या घरात ‘मला हे नकोच’ म्हणण्याचीही. ही दोन्ही स्वातंत्र्ये असतील, तरच ती वेदना खऱ्या अर्थाने पत्करलेली म्हणता येईल. आणि तशी ती पत्करली, तरी तिच्यावर फुंकर घालणे आपले कर्तव्यच राहते.