कंपनीने नेले म्हणून गेलो. ही सेवा म्हणावी का?



वसईहून रोज सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्यांत आपल्या धर्मग्रामातील कितीतरी माणसे असतात. कुणी बँकेत, कुणी विमा कंपनीत, कुणी संगणकाच्या कंपनीत, तर कुणी विमानतळावर नोकरीला. या नोकरदार मंडळींकडून अलीकडे एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आमच्यापुढे येतो. 'फादर, कंपनीने आम्हांला शनिवारी अनाथाश्रमात नेले. सर्वांना एकसारखे टी-शर्ट दिले. आम्ही भिंती रंगवल्या, मुलांबरोबर जेवलो, फोटो काढले आणि परत आलो. ही सेवा झाली का?' दुसरा विचारतो, 'मदतनिधीची यादी टेबलावरून टेबलावर फिरते. वर साहेबांनी हजार लिहिलेले असतात, म्हणून आम्ही पाचशे लिहितो. याला दान म्हणायचे का?'

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मुळाशी नीतिशास्त्रातला एक जुना वाद आहे. कृत्य चांगले असले की पुरे, की ते करणाऱ्याचे मनही त्यात असावे लागते? आणि ते मन त्याचे स्वतःचे आहे की त्याच्या साहेबाचे, हे ओळखायचे कसे? आज याच प्रश्नावर आपण थोडा विचार करू या.

आधी सभोवती काय चालले आहे ते पाहू. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्यात मोठमोठ्या कंपन्यांचे कर्मचारी गटागटाने धावतात आणि त्या निमित्ताने सेवाभावी संस्थांसाठी निधी गोळा करतात. दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबर हा आठवडा 'दान उत्सव' म्हणून पाळला जातो व त्यात अनेक कार्यालये भाग घेतात. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये इतका वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली.

या कायद्याबाबतची एक गोष्ट मात्र फारशी चर्चेत येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने एक खुलासा केला. कर्मचाऱ्यांना समाजकार्यात जरूर सहभागी करून घ्यावे, पण त्यांनी विनामोबदला केलेल्या सेवेची पैशांत किंमत काढून ती या खर्चात धरता येणार नाही, असे त्यात सांगितले आहे. कायद्याने हा नियम हिशेबासाठी केला. आपल्याला मात्र त्यात विचाराला एक धागा सापडतो. ते २ टक्के कंपनीचे आहेत आणि ते देणे तिचे कर्तव्य आहे. पण एखाद्या मुलीजवळ बसून तिला बेरीज समजावून सांगणाऱ्या माणसाने जे दिले, त्याला कंपनीच्या वहीत रकाना नाही. म्हणजे ते देणारा दुसराच कुणीतरी आहे. तो दाता आपण आहोत की नाही, हा खरा प्रश्न.

यावर पहिला आक्षेप हेतूचा. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही. लहान मूल आले तरी त्याच भावाने माल देतो. पण तो हे प्रामाणिकपणाच्या ओढीने करतो की दुकानाचे नाव टिकावे म्हणून? कांट म्हणतो, केवळ स्वार्थापोटी केले असेल तर कृत्य कर्तव्याला धरून आहे खरे, पण त्याला नैतिक मोल नाही. हीच फूटपट्टी लावली, तर अप्रेझलच्या अर्जातला एक रकाना भरावा म्हणून वृद्धाश्रमात जाणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूनेही, दान करताना गाजावाजा करणाऱ्यांना त्यांचे फळ मिळून चुकले आहे, असे बजावले आहे. छायाचित्रांच्या या काळात तो इशारा जरा जास्तच झोंबतो.

पण इथेच थांबलो तर आपण फार घाई केली असे होईल. दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. त्यातल्या एका माणसाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे उतारशाळेचा रखवालदार. जखमी माणसाची पुढची शुश्रूषा त्याच्यावर सोपवलेली होती आणि त्यासाठी त्याला दोन दिनार मिळाले होते. त्याने मोबदला घेतला म्हणून रोग्याला पाजलेले पाणी खोटे ठरते का? आपल्या धर्मग्रामातील परिचारिका पगार घेतात, शिक्षक पगार घेतात. त्यांच्या हातून सेवा घडत नाही असे म्हणण्याचे धाडस कोण करील? तेव्हा कंपनीच्या वेळेत गेलो, कंपनीच्या बसने गेलो, एवढ्यानेच सेवा बाटत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा फार समंजसपणे विचार केला. दानाचे बाह्य कृत्य प्रीतीवाचूनही होऊ शकते, हे ते मान्य करतात. परंतु देवाप्रीत्यर्थ, आनंदाने आणि तत्परतेने केलेले दान प्रीतीवाचून होत नाही, असे ते सांगतात. त्यांच्याही आधी अॅरिस्टॉटलने म्हटले होते की न्यायाची कामे करता करताच माणूस न्यायी होतो. वाद्य वाजवता वाजवताच वादक होतो तसे. या दोन्ही विचारांची सांगड घातली, तर आपल्या नोकरदार तरुणाला काही उत्तर देता येते. पहिल्या दिवशी तू नेलास म्हणून गेलास, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्यापैकी किती जण मिस्साला पहिल्यांदा स्वतःहून गेलो? आईने हात धरून नेले. पुढे कधीतरी तो हात सुटला, आणि तरीही आपण जात राहिलो, तेव्हा ती भक्ती आपली झाली.

नेणे आणि ढकलणे यांत मात्र फरक आहे. २०१८ च्या महापुरानंतर केरळ सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना एका महिन्याचा पगार मदतनिधीला देण्याचे आवाहन केले. ज्याला द्यायचा नसेल त्याने तसे लेखी कळवावे, अशी अट होती. केरळ उच्च न्यायालयाने या अटीला स्थगिती दिली आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पूरग्रस्तांची गरज खरी होती, सरकारचा हेतूही चांगला होता. पण 'मी देत नाही' असे लिहून देण्याची नामुष्की ज्याच्यापुढे उभी केली जाते, त्याच्या मौनाला संमती कसे म्हणायचे? घरी आजारी बाप असेल, मुलीच्या फीचा हप्ता थकला असेल. ते चारचौघांत उघड करण्यापेक्षा तो गप्प बसेल आणि पैसे कापू देईल. त्याच्याकडून रक्कम मिळाली, दान मिळाले नाही. नाही म्हणण्याची वाट मोकळी असेल, तरच हो म्हणण्याला अर्थ असतो.

मग निधी गोळा करूच नये काय? तसे मुळीच नाही. ख्रिस्तसभेच्या आरंभकाळात एक मोठी निधी-उभारणी झाली आणि तिचा पुढाकार संत पौलाने घेतला होता. यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी तो गावोगावच्या मंडळींकडून वर्गणी गोळा करीत होता. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवे व नववे अध्याय जरूर वाचावेत. पौल आग्रह धरतो. मासेदोनियाच्या गरीब लोकांनी ऐपतीबाहेर कसे दिले, हेही करिंथकरांना ऐकवतो. पण आपण हुकूम करीत नाही, हे तो स्पष्ट करतो. प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कष्टी होऊन किंवा भिडेला बळी पडून देऊ नये, असे सांगतो. शिवाय पैशांबाबत कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून विश्वासू माणसे सोबत पाठवतो. आग्रह असावा, मुभा असावी आणि हिशेब चोख असावा. कार्यालयातल्या कोणत्याही निधीला या तीन गोष्टी आजही पुरतात.

आतापर्यंत आपण देणाऱ्याच्या मनाबद्दल बोललो. पण घेणाऱ्याचे काय? नाताळ-दिवाळीच्या दिवसांत एखाद्या संस्थेत लागोपाठ पाहुणे येतात. मुलांना दरवेळी तेच गाणे म्हणावे लागते, तोच केक खावा लागतो, फोटोसाठी हसावे लागते. रंगवलेली भिंत पुन्हा रंगते. पुढे जून उजाडतो, वह्या-पुस्तके हवी असतात, छप्पर गळत असते, तेव्हा दारात कुणी नसते. अशा वेळी कोण कुणाची सेवा करीत आहे, असा प्रश्न पडतो. ती मुले आपल्याला चांगुलपणाचे समाधान देत असतात आणि त्या श्रमाचे त्यांना कुणी काही देत नाही.

या बाबतीत फ्रेडरिक ओझानाम याचे उदाहरण बोलके आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये तो विद्यार्थी होता. ख्रिस्तसभेने पूर्वी पुष्कळ केले असेल, आज तुम्ही काय करता, असा टोमणा त्याला व त्याच्या मित्रांना ऐकावा लागला. त्यांनी वादविवाद बाजूला ठेवला आणि सिस्टर रोझाली रेंदू यांच्या मार्गदर्शनाखाली गरिबांच्या घरी जाण्यास सुरुवात केली. त्यातूनच सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. हे तरुण गरिबांना आपल्या दारी रांगेत उभे करीत नव्हते. ते त्यांच्या घरी जात. ज्याच्या घरी आपण जातो तो यजमान असतो. तो आपल्याला बसायला सांगतो, त्याचे नाव आपल्याला कळते आणि पुढच्या खेपेला आपण त्याच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करतो. दान तेच राहते, पण देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाते बदलते.

म्हणून आमच्या मते खरी कसोटी दुसऱ्या खेपेची आहे. शोमरोन्याने दोन दिनार दिले आणि मी परत येईन, असेही सांगितले. बॅनर नसताना, टी-शर्ट नसताना, कुणी हजेरी घेत नसताना आपण त्या दारात पुन्हा गेलो, तर पहिली खेपही आपलीच ठरते. पुन्हा कधीच गेलो नाही, तर ती कंपनीची सहल होती असे समजावे. सहल वाईट नसते, पण तिला सेवा म्हणू नये.

एक प्रामाणिक अडचण आहे. सकाळी सहाची गाडी पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्याने वेळ आणायचा कुठून? त्याला मिळणारा रविवार त्याच्या मुलांचा व आईवडिलांचाही आहे. प्रभूने मंदिरात दानपेटीपुढे बसून पाहिले आणि श्रीमंतांच्या मोठ्या रकमांपेक्षा विधवेची दोन नाणी अधिक मानली, कारण तिच्यापाशी मागे काही उरले नव्हते. नोकरदाराचा तास हा असाच असतो. तो थोडा असला तरी देव तो मोजतो. फक्त तो कुठे द्यावा याचे भान असावे. शनिवारी कंपनीबरोबर अंधेरीच्या वृद्धाश्रमात आजोबांचा हात हातात घेतला आणि आपल्याच आळीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरी वर्षभर पाऊल टाकले नाही, तर कुठेतरी गल्लत होते आहे. आपल्या शेतकऱ्यांत इर्जिकीची रीत होती. एकाच्या शेतावर सगळे राबत, मग दुसऱ्याच्या. त्याला सेवा हे नावही कुणी दिले नव्हते. आळीतले बावखल उपसायचे असो की रुग्णालयात रात्री सोबत थांबायचे असो, शेजाऱ्याचे काम आजही आपल्या दाराशी आहे.

काही साध्या सूचना करतो. संस्थेला भेट ठरवण्यापूर्वी तुम्हांला काय हवे, असे त्यांना विचारा. जी कला तुमच्या हाती आहे ती द्या. हिशेबनिसाने भिंत रंगवण्यापेक्षा संस्थेच्या वह्या लावून दिल्या, तर तिचा अधिक फायदा होईल. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या आणि लहान मुलांचे फोटो शक्यतो काढूच नका. आपल्यापैकी जे अधिकारपदावर आहेत त्यांनी वर्गणीची यादी फिरवू नये. बंद पाकीट किंवा पेटी ठेवावी. आपल्या आळीतल्या सणांच्या वर्गणीला आणि चर्चच्या बाकांवरील नावांच्या पाट्यांनाही हीच कसोटी लावायला हरकत नाही.

येत्या काही दिवसांत तुमच्यापैकी कुणाला कंपनी कुठे घेऊन गेली, तर आनंदाने जा. तिथे निदान एका माणसाचे नाव विचारून लक्षात ठेवा. मग महिन्या-दोन महिन्यांनी सवड काढून, कुणालाही न सांगता, त्या माणसाला पुन्हा भेटा. त्याने तुम्हांला ओळखले, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे मागण्याची गरज उरणार नाही.

प्रभू आपणा सर्वांच्या हातांना आणि मनाला बळ देवो.

आपले धर्मगुरू