जुन्या फलकाचा खरा भाव

कल्पना करा, चंडीगडजवळच्या खरडच्या बाजारात एक वृद्ध दुकानदार जुना, भलामोठा जाहिरातफलक दाखवून तुम्हाला विचारतो, "भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. तुम्ही काय द्याल?" लोखंडी पत्र्यावर काचेची पूड सुमारे 800 अंशांवर वितळवून चढवलेले असे एनॅमलचे रंग अनेक दशके टिकतात. मुंबईच्या चोरबाजारात अशा फलकांना हौशी गिऱ्हाईक मिळते, हे तुम्ही जाणता. तो जाणत नाही.

तुमची पारख, वाहतूक आणि जोखीम यांचा मोबदला न्याय्यच आहे. त्याच्या अज्ञानाचा मात्र नाही. तुकाराम महाराजही वाणी होते. परमार्थाच्या आड व्यापार येत नाही, लोभ येतो. म्हणून एकच कसोटी लावा : फलक पुढे कितीला विकला, हे त्याला नजर न चुकवता सांगता येईल का? सांगता येईल, तोच खरा भाव.