ऊब कोणी द्यायची?

अंबाजोगाईच्या मुकुंदराजांविषयी मराठवाड्यात एक आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जयंतपाल राजाला ब्रह्मज्ञान हवे होते आणि तेही तत्काळ. रिकिबीत पाय घालून घोड्यावर मांड टाकेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात. ज्यांना हे जमले नाही त्या साधूपंडितांना त्याने कैदेत टाकले. शेवटी मुकुंदराज आले आणि त्यांनी त्या एवढ्याशा क्षणात राजाला समाधीचा अनुभव दिला. कथा इतिहासाच्या कसोटीला उतरते की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’ ग्रंथाचा शके १११० म्हणजे इ. स. ११८८ हा काळ आणि अंबाजोगाई हे स्थळ, यांवरही अभ्यासकांत वाद आहेत आणि विदर्भातले अंभोरेही मुकुंदराजांवर हक्क सांगते. कथेने उभा केलेला प्रश्न मात्र खरा आहे. देणारा समर्थ आहे, घेणारा उतावीळ आहे, तर मग अडते कुठे? माझे उत्तर असे की अडते ते घेणाऱ्याच्या त्या वेळच्या स्थितीपाशी. ती स्थिती जन्माने ठरत नाही, ती घडवता येते, आणि ती घडवण्याचा खर्च बहुतेक वेळा देणाऱ्याने उचलायचा असतो. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे पुष्कळ बोलल्या गेल्या आहेत. तिसरीकडे मात्र आपण सोयीने दुर्लक्ष करत आलो.

या प्रश्नाकडे पाहायला आज एक अगदी भौतिक उदाहरण हाताशी आले आहे. अंबाजोगाईच्याच बीड जिल्ह्यातून जाणाऱ्या धुळे-सोलापूर महामार्गावर धावणारे बहुतेक ट्रक आजही डिझेलचेच आहेत, पण ई-ट्रकचे दिवस लांब नाहीत. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२५ पासून ई-ट्रकलाही अनुदान आहे. अशा ट्रकची बॅटरी थंड असताना तिला जलद चार्जिंग लावले, तर ती ते नीट घेत नाही. चार्ज होताना लिथियमचे आयन द्रवातून प्रवास करून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरायचे असतात. थंडीत तो द्रव दाटतो, आयनांची चाल मंदावते, थरांत शिरणे जड जाते. तरीही बाहेरून जोराचा प्रवाह रेटला, तर आत न शिरलेले लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन साचते. आलेले वाया जाते, एवढ्यावर भागत नाही. साचलेल्या लिथियमचा बराच भाग पुन्हा कामाला येत नाही, म्हणून बॅटरीची धारणक्षमता कायमची घटते. कधी त्या धातूला सुया फुटून आतल्या आत शॉर्टसर्किटचा धोका तयार होतो. ट्रकमध्ये सर्रास वापरली जाणारी लोह-फॉस्फेटची बॅटरी तर थंडीला जास्तच नाजूक. म्हणून गाडीची यंत्रणा प्रवाह रोखून धरते, आणि चार्जिंगचे ठिकाण जवळ येऊ लागले की वाटेतच बॅटरी गरम करायला घेते. बीडची थंडी काही लडाखची किंवा नॉर्वेची नव्हे. इथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो, त्यात चार्जिंग रेंगाळते इतकेच. शून्याखाली मात्र आधी ऊब दिल्याशिवाय जलद चार्जिंगला हात घालता येत नाही.

या उबेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक किलो सेल एका अंशाने तापवायला साधारण एक किलोज्यूल लागतो. मोठ्या ट्रकमधले सेल दोन टनांचे धरले आणि वीस अंशांनी तापवायचे म्हटले, तर चाळीस हजार किलोज्यूल झाले, म्हणजे सुमारे ११ युनिट वीज. शेकडो युनिटांच्या बॅटरीला ही रक्कम किरकोळ. पण ती येते कुठून, हे महत्त्वाचे आहे. ट्रक रस्त्यावर असेल तर ती त्याच्याच साठ्यातून जाते. केबल लावलेली असेल तर बाहेरून येते. आणि साठा तळाला गेलेला असेल तर स्वतःला तापवण्यापुरतेही त्याच्याकडे उरत नाही. कित्येक गाड्यांत चार्ज फार खाली गेला की ही सोय आपोआप बंद राहते. म्हणजे जो सर्वांत रिकामा, त्यालाच स्वतःची तयारी स्वतः करणे सर्वांत अवघड. त्याला ऊब बाहेरूनच मिळायला हवी. या एका वस्तुस्थितीवर माझा पुढचा सगळा युक्तिवाद उभा आहे.

कोणी म्हणेल, मन म्हणजे बॅटरी नव्हे. ते निर्जीव साठवण नाही, त्याला इच्छा आहे, नकार आहे, प्रयत्न आहे. हे मान्य आहे, आणि यंत्रावरून ब्रह्म सिद्ध करायचा माझा विचारही नाही. यंत्र इथे एकच गोष्ट स्वच्छ दाखवते: अपात्र असणे आणि अजून तयार नसणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. गार सेल आणि उबदार सेल यांचे रसायन एकच असते. नकार सेलच्या जातीत नसतो, त्या घडीच्या तापमानात असतो. आपल्या धर्मचर्चेने हा भेद वारंवार पुसला आणि त्याची फार मोठी किंमत माणसांनी मोजली.

ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रावर लिहिताना शंकराचार्य ब्रह्मजिज्ञासेच्या आधी चार साधने मागतात: नित्य-अनित्याचा विवेक, इहपरलोकीच्या भोगांविषयी वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मुक्तीची तळमळ. ही यादी वाचून पाहावी. तिच्यात कुळ नाही, वर्ण नाही. आहेत त्या सगळ्या कमावता येण्याजोग्या मनाच्या अवस्था. पण त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या पादात शूद्रांच्या अधिकाराचा प्रश्न येतो आणि भाष्य वेदाध्ययनाचे दार त्यांना बंद करते. विदुर आणि धर्मव्याध यांना ज्ञान झाले हे आचार्य नाकारू शकत नाहीत. त्याचे कारण ते पूर्वजन्मीच्या संस्कारांत शोधतात आणि इतिहास-पुराणांची वाट सर्वांना मोकळी ठेवतात. स्थितीचा प्रश्न इथे जन्माचा झाला. ज्याला ऊब द्यायची त्यालाच गार ठरवून वाटेला लावले. म्हणून आज कोणी ‘अधिकार’ हा शब्द काढला की बहुजन घरांतला वाचक सावध होतो, आणि त्याने व्हावेच. मात्र या अन्यायावर तोडगा म्हणून तयारीची गरजच नाही म्हणणे ही दुसरी चूक ठरेल. गार बॅटरीत जोराने वीज ओतणे हा तिच्यावरचा उपकार नसतो. ज्ञानाचेही तसेच होते. पुरते आत न गेलेले अद्वैत पृष्ठभागावर साचते. ‘सगळे ब्रह्मच आहे’ असे म्हणत शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणारा माणूस आपल्याला परका नाही. तो ज्ञानावाचून राहिलेला नाही, पण ते त्याच्या आत गेलेले नाही, आणि त्या थरामुळे पुढचे काही आत जायलाही जागा उरलेली नाही.

मग जयंतपालाचे काय? त्याला तर क्षणात मिळाले ना? कथा नीट ऐकली तर दिसते की हा राजा रिकिबीपाशी अचानक आलेला नाही. तो एकेका साधूला हाच प्रश्न विचारत आला आहे. त्याने पद्धत क्रूर निवडली, पण दुसरे काही मागितले नाही. शंकराचार्यांच्या यादीतले चौथे साधन, ती तळमळ, त्याच्यापाशी भरपूर साठली होती. क्षण शेवटी आला. आणि परंपरेने या राजाशी ज्याचे नाव जोडले तो ‘विवेकसिंधू’ रिकिबीतल्या क्षणाएवढा छोटा ग्रंथ नाही. गुरू-शिष्यांच्या संवादातून, पूर्वार्ध-उत्तरार्धातून, टप्प्याटप्प्याने तो चढत जातो. तोही मराठीत. वेदान्त संस्कृतात तयार असताना मुकुंदराजांनी तो लोकांच्या बोलीत आणण्याचे कष्ट घेतले, हाच माझ्या मते देणाऱ्याने भरलेला खर्च आहे.

अंबाजोगाईतच याचा आणखी ठसठशीत पुरावा आहे. दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय कागदावर न लिहिता पासोडीवर, म्हणजे अंगावर पांघरायच्या जाड्याभरड्या कापडावर लिहिला. सुमारे चाळीस फूट लांब आणि चारेक फूट रुंद अशा त्या कापडावर ओव्यांबरोबर तक्ते आहेत, आकृत्या आहेत; पाच महाभूतांपासून देह कसा उभा राहतो ते डोळ्यांनी पाहत पाहत समजावे अशी रचना आहे. ‘गीतार्णवा’सारखा प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या पंडिताला स्वतःसाठी अशा तक्त्यांची गरज नव्हती. समोरच्याचे मन एकदम उडी घेणार नाही, त्याला पायऱ्या लागतील, हे ओळखून त्यांनी त्या कापडाचा हातन्‌हात भरला.

वारकरी वाचकाची हरकत मात्र याहून खोल आहे आणि ती टाळता येणार नाही. तो म्हणेल, नामाला कसली तयारी? ज्याने घेतले त्याचे झाले. कृपा हिशेब मागत नाही. कृपा हिशेब मागत नाही हे मलाही पटते. पण बीडच्या गावागावांत होणाऱ्या सप्ताहाकडे पाहू. कीर्तनकार उभे राहतात आणि लगेच निरूपण करू लागतात असे होत नाही. आधी टाळ-मृदंगाच्या साथीने भजन, मग रूपाचे अभंग. चाल हळूहळू चढते, मागचे टाळकरी एका लयीत येतात, दिवसभर कापूस वेचून आलेली बाई आणि पारावरून उठून आलेला म्हातारा त्या लयीत ओढले जातात, आणि मग कुठे निरूपणाचा, म्हणजे सेवेचा अभंग घेतला जातो. ही तयारीच आहे. फरक एवढाच की ती दारात विचारली जात नाही. ती मंडपात, सर्वांना, फुकट दिली जाते. भक्तिमार्गाने तयारी रद्द केली नाही. तिचा भार एकेकट्या माणसाच्या खांद्यावरून काढून दिंडीच्या, टाळकऱ्यांच्या, गावाच्या खांद्यावर घेतला. भागवत धर्माची ही करणी मला त्याच्या कोणत्याही सिद्धान्तापेक्षा मोठी वाटते.

एक शंका अजून उरते. तयारी हवी म्हटले की ‘तू अजून तयार नाहीस’ हे वाक्य सत्ताधाऱ्याच्या हाती लागते, आणि ते संपता संपत नाही. गुरू शिष्याला, सासू सुनेला, सरकार प्रजेला वर्षानुवर्षे हेच सांगू शकते. ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय असा की तयारीला मुक्काम आणि मुदत दोन्ही हवीत. ट्रक उगाच तापत राहत नाही. पुढे चार्जिंगचे ठिकाण ठरलेले असते तेव्हाच तापतो, आणि बीडच्या मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या उन्हात त्यालाच थंड करावे लागते, कारण फार तापलेली बॅटरीही झिजते. बालाघाटातला शेतकरी याला वाफसा म्हणेल: चिखलात पेरत नाहीत, पण वाफसा आल्यावर पेरायचे थांबतही नाहीत, कारण तो निघून जातो. ज्या तयारीनंतर देण्याचा दिवस ठरलेला नाही, ती अडवणूक आहे आणि तिला तसेच म्हणावे.

या सगळ्याची खरी परीक्षा बीड जिल्ह्यात दर दिवाळीच्या सुमारास होते. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, लेकरांसह पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. बरोबर गेलेले मूल डिसेंबरच्या कडाक्यात पाचटाच्या कोपीत झोपते, पहाटे आईबाप फडात गेले की धाकट्या भावंडाला सांभाळते, आणि परत येते तेव्हा वर्गात पुस्तक शेवटाकडे आलेले असते. मग त्याला राहिलेले सगळे एकदम भरवायची घाई होते. ते घेता आले नाही की ‘याला शिक्षणाची आवडच नाही’ असा शेरा पडतो. मुलाची पात्रता जागच्या जागी असते. हरवलेली असते ती ऊब, आणि ती स्वतःच्या साठ्यातून आणण्याइतके त्याच्याकडे काही उरलेले नसते. संत भगवानबाबांच्या नावाने शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आणली आहे. गावोगावी हंगामी वसतिगृहांची सोय कागदावर बऱ्याच वर्षांपासून आहे. या वसतिगृहांना शिक्षण खात्याच्या जोडकामांत धरणे बरोबर नाही. शिक्षण ज्यावर उभे राहते ती ११ युनिटे हीच आहेत, आणि ती भरायची जबाबदारी ज्याच्या हाती वीज आहे त्याची आहे. त्यामुळे वसतिगृहांची वेळही मुलाच्या अंगाने ठरली पाहिजे. मुकादमाची गाडी गावात येईल त्याच्या आधी वसतिगृहात जेवण शिजू लागलेले असावे, आणि आजी-आजोबांना कोणी तरी घरी जाऊन सांगितलेले असावे की नातू या वर्षी इथेच राहतो.