पिंजऱ्यातील पाखरू आणि आपला धर्म

आपल्या रानातील जांभळट-लाल डोक्याचा लहान पोपट पकडून पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. म्हणून बिदर-कलबुर्गीकडे लोक ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात, ते ऑस्ट्रेलियातील बजरीगर आणतात. त्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु धर्माचे काय? मायदेशी हा पक्षी पाण्याच्या शोधात थव्याने दूरदूर भटकतो. एकटेपणा त्याचा स्वभाव नव्हे. मग त्यास सोडून द्यावे काय? तेही पुण्य नव्हे. पिंजऱ्यातच जन्मलेल्या पाखरास येथे ना चारा शोधता येतो, ना ससाणा ओळखता येतो. आम्हांस वाटते, घरी असलेल्यास जोडीदार व उडण्यापुरती जागा द्यावी. नवा मात्र विकत घेऊ नये. मागणी थांबली म्हणजे पिंजरे भरणेही थांबेल. शुकमुनींस वंदन करणाऱ्यांनी शुकाचे आकाश हिरावू नये.